बॅलन्स बाईक घेताय? आधी मुलाच्या पायाचं माप घ्या



मूल दीड-दोन वर्षांचं झालं की आमच्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. लस टोचून झालेली असते, वजन-उंची कार्डावर लिहून झालेली असते आणि निघता निघता आई किंवा बाबा विचारतात, "डॉक्टर, ती बिनपेडलची सायकल मिळते ना हल्ली, बॅलन्स बाईक, ती घेऊ का? आणि घ्यायची तर कुठली?" पाठोपाठ मोबाईलवर चार-पाच फोटो दाखवले जातात. एक गुलाबी, एक लाकडी, एकीला दिवे आणि गाणी.

माझं उत्तर थोडक्यात असं आहे: घ्यायलाच हवी असं मुळीच नाही, पण घेणार असाल तर मुलाच्या आजच्या पायाच्या मापाची घ्या. यंदा माझ्याच नातीसाठी अशी सायकल निवडायची वेळ आली. डॉक्टर म्हणून इतरांना जे सांगत आले, ते आजी म्हणून स्वतः पाळावं लागलं. तेव्हा आज याच विषयावर जरा सविस्तर बोलूया.

सायकल जन्मली तीच पेडलशिवाय

पुष्कळांना हे नवं फॅड वाटतं. तसं ते नाही. १८१७ साली जर्मनीतल्या मानहाइम शहरात कार्ल फॉन ड्राइस या गृहस्थांनी एकामागे एक दोन लाकडी चाकं, मध्ये बसायला जागा आणि पुढे वळवायला दांडा असं एक वाहन बनवलं. त्यावर बसायचं आणि जमिनीवर पाय मारत पळायचं. पेडल आलं ते १८६० च्या दशकात, फ्रान्समध्ये. म्हणजे माणूस आधी दोन चाकांवर तोल सांभाळायला शिकला आणि पेडल मारायला नंतर.

मुलांना मात्र आपण उलट्या क्रमाने शिकवत आलो. आधी तीनचाकी, मग मागे दोन छोटी आधाराची चाकं लावलेली सायकल, आणि एके दिवशी ती चाकं काढून बाबा कॅरियर धरून मागे धावतात. तीनचाकीवर मूल पेडल मारायला शिकतं, तोल सांभाळायला नाही, कारण तीनचाकी कलतच नाही. आधाराच्या चाकांचंही तेच. दोन चाकांची सायकल वळताना वळणाच्या बाजूला थोडी झुकवावी लागते. ती एका बाजूला पडायला लागली तर हँडल त्याच बाजूला वळवून सावरावी लागते. आधाराची चाकं सायकलला झुकूच देत नाहीत, त्यामुळे ती काढली की मुलाला तोलाचा धडा पहिल्यापासून गिरवावा लागतो.

बॅलन्स बाईकवर मूल आधी सीटवर बसून नुसतं चालतं. मग ढांगा टाकत पळतं. मग दोन ढांगांच्या मध्ये क्षणभर दोन्ही पाय उचलतं. तो क्षण हळूहळू लांबत जातो. अशा मुलाला पुढे पेडलची सायकल दिली की त्याला फक्त पेडलच शिकायचं उरतं.

तोल सांभाळतं कोण?

तोल सांभाळायला मेंदूला तीन ठिकाणांहून बातम्या लागतात. आतल्या कानात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्या डोकं कुठे आणि किती वळलं ते कळवतात. डोळे भोवतालचं चित्र कळवतात. स्नायू आणि सांधे कळवतात की गुडघा किती वाकलाय, पाऊल कुठे आहे. या बातम्यांचा मेळ घालून हालचाल जुळवण्यात मोठा वाटा असतो तो डोक्याच्या मागच्या भागातल्या लहान मेंदूचा. हा मेळ कुठल्या टॉनिकने किंवा मालिशने बसत नाही. तोल थोडासा जायला लागतो आणि मुलाला तो सावरायला लागतो. असं शेकडो वेळा झालं की तो बसतो.

मुलाच्या शरीराची ठेवणही लक्षात घ्या. जन्मतः डोकं हे एकूण लांबीच्या साधारण चौथा हिस्सा असतं, मोठ्या माणसात ते आठवा हिस्सा असतं. दोन वर्षांचं मूल या दोहोंच्या मध्ये असतं. म्हणजे वजन वरच्या बाजूला जास्त. अशा मुलाचा तोल गेला की सावरायला त्याच्याकडे एकच भरवशाची गोष्ट असते, ती म्हणजे जमिनीवर टेकलेले पाय.

वाढत्या अंगाचं घेऊ नका

आपल्याकडे मुलांचं सगळं वाढत्या अंगाचं घ्यायची रीत आहे. फ्रॉक एक माप मोठा, गणवेश दोन मापं मोठा, बुटात पुढे कापूस. त्यात काटकसर आहे, शहाणपणही आहे. फ्रॉक मोठा झाला तर फार तर बाह्या दुमडाव्या लागतात. सायकल मात्र "दोन वर्षं तरी पुरली पाहिजे" म्हणून मोठी घेतली, तर मुलाचे फक्त चवडे टेकतात. मग ते पूर्ण वजन सीटवर टाकत नाही, धड पाय मारू शकत नाही, आणि तोल गेला की सावरण्याआधीच आडवं होतं. दोन-तीनदा असं झालं की सायकल गॅलरीत जाते आणि तिच्यावर टॉवेल वाळायला लागतात. मुलाला आवड नाही, असं आपण म्हणतो. बहुतेक वेळा ती मोठी असते, एवढंच.

म्हणून खोक्यावर "वय २ ते ५" असं छापलेलं असेल तर तिकडे दुर्लक्ष करा. दोन वर्षांची दोन मुलं शेजारी उभी केली तरी त्यांच्या पायांच्या लांबीत चांगलाच फरक असू शकतो. माप असं घ्या. मुलाला नेहमीचे बूट घालून भिंतीला पाठ टेकवून उभं करा. दोन्ही पायांच्या मध्ये एक जाडसं पुस्तक आडवं धरून, सीटवर बसल्यासारखं हलकेच वर टेकवा. जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत टेपने मोजा. सायकलची सीट यापेक्षा २ ते ३ सेंटिमीटर खाली यायला हवी. उदाहरणार्थ माप ३४ सेंटिमीटर आलं, तर सीट ३१-३२ वर ठेवता आली पाहिजे. मूल बसल्यावर दोन्ही तळवे पूर्ण टेकलेले आणि गुडघे किंचित वाकलेले दिसले पाहिजेत. सीटची सगळ्यात कमी उंची किती, हा दुकानदाराला विचारायचा पहिला प्रश्न. सीट वर घेता येणारी असली की मूल वाढेल तशी ती वर घेता येते. "दोन वर्षं पुरली पाहिजे" हा हिशेब तिथे जमतो.

दुकानात आणखी काय बघाल?

वजन. सायकल मुलाच्या वजनाच्या एक तृतीयांशापेक्षा हलकी असावी. मूल ११ किलोचं असेल तर साडेतीन किलोच्या आत. पडलेली सायकल त्याला स्वतः उचलता आली पाहिजे. नाही तर प्रत्येक वेळी तुम्हाला हाक येईल.

चाकं. दोनच हवीत. चार चाकांच्या छोट्या प्लास्टिकच्या गाड्याही "बॅलन्स बाईक" म्हणून विकल्या जातात. वर्ष-सव्वा वर्षाच्या मुलाला घरात खेळायला त्या ठीक, पण त्या कलत नाहीत, त्यामुळे तोलाचं शिक्षण त्यात नाही. टायर फोमचे असतील तर हलके आणि पंक्चरची भानगड नाही. हवेचे टायर जरा जड, पण पेव्हर ब्लॉकवर आणि खडबडीत जागेवर पकड चांगली आणि धक्के कमी.

हँडल. मुठींच्या टोकांना गोल, जाड रबरी गुंडी हवी. पडताना हँडलचं टोक पोटात घुसून प्लीहा, यकृत किंवा स्वादुपिंडाला इजा होऊ शकते, आणि बाहेरून एखादा वळ सोडला तर काही दिसत नाही. टोकाचं रबर फाटलं तर त्याच दिवशी बदला.

ब्रेक. दोन-अडीच वर्षांच्या मुलाच्या हाताला ब्रेक दाबण्याएवढी ताकद आणि समज दोन्ही नसते. या वयात पाय हेच ब्रेक. ब्रेकसाठी जास्त पैसे मोजू नका. दिवे, गाणी आणि बास्केट यांनी फक्त वजन वाढतं.

पैशांचं म्हणाल, तर महाग म्हणजे चांगली असं इथे नाही. मापात बसणारी जुनी सायकल भाचीची किंवा शेजाऱ्यांची मिळाली तर आनंदाने घ्या, फक्त नट-बोल्ट आणि वेल्डिंग तपासून घ्या. तीन वर्षांच्या पुढच्या मुलासाठी आणखी स्वस्त उपाय आहे. घरात १२ इंची साधी सायकल असेल तर कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून तिची पेडलं काढून घ्या, सीट खाली घ्या, झाली बॅलन्स बाईक. स्वतः काढणार असाल तर डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा. जमलं तर क्रँकही काढा, नाही तर तो नडग्यांना लागतो.

सायकल कधी द्यायची, आणि कधी आधी डॉक्टरकडे यायचं

मूल चालायला लागून काही महिने झालेत, ते न अडखळता पळतंय, खाली बसून आधाराशिवाय उठतंय, अशी स्थिती आली की सायकल द्या. बहुतेक मुलांत ही वेळ दोन वर्षांच्या आसपास येते. चालायला शिकवण्यासाठी सायकल नसते. त्यासाठी वॉकरही नसतो. मूल ज्याच्या आत बसतं त्या चाकांच्या वॉकरने मूल लवकर चालत नाही, उलट जिन्यावरून गडगडतं आणि गॅसच्या शेगडीपर्यंत पोचतं. कॅनडात तर २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे. त्यापेक्षा आपला जुना लाकडी पांगुळगाडा परवडला. तो मूल उभं राहून, स्वतःच्या पायांवर वजन घेऊन ढकलतं.

एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वीस महिन्यांच्या मुलाला घेऊन एक जोडपं आलं. मूल अजून धरून धरून चालत होतं. पाय मजबूत व्हावेत म्हणून बॅलन्स बाईक घ्यायची ठरली होती, मला फक्त कंपनी विचारायची होती. मी त्याला खाली सोडलं आणि माझ्या टेबलावरची किल्ली पुढे केली. त्याने डाव्या हाताने घेतली. मी ती काढून त्याच्या उजव्या बाजूला धरली. त्याने अंग वळवून परत डाव्याच हाताने घेतली. उजवी मूठ बंद होती आणि उजवी टाच जमिनीला टेकत नव्हती. आजी म्हणाल्या, "आजोबांवर गेलाय, डावखुरा आहे. आठ महिन्यांचा असल्यापासून डाव्यानंच घेतो."

मुलं डावखुरी किंवा उजवी असतात, पण ते ठरतं वयाच्या दुसऱ्या वर्षानंतर. वर्षाच्या आतच मूल एकच हात वापरू लागलं, तर दुसऱ्या हाताला काही अडचण आहे का ते बघावं लागतं. या मुलाच्या उजव्या बाजूच्या स्नायूंत ताठरपणा होता आणि त्याचं मूळ मेंदूत होतं. पुढच्या तपासण्या झाल्या, फिजिओथेरपी सुरू झाली, पायाला आधाराचा स्प्लिंट मिळाला. आई त्या दिवशी खूप रडली. पण तो दिवस आणखी वर्षभराने आला असता तर त्या मुलाचं हातात असलेलं एक वर्ष गेलं असतं. आज तो तीनचाकी चालवतो, डाव्या पायाने जरा जास्त जोर लावून.

जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास केला होता. त्यात मुलं आधाराशिवाय चालू लागण्याचा काळ साधारण सव्वाआठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेला दिसला. तेव्हा शेजारचं मूल दहाव्या महिन्यात चाललं आणि तुमचं चौदाव्या महिन्यातही चालत नसेल तर घाबरू नका. पण अठरा महिने पूर्ण होऊनही मूल आधाराशिवाय चालत नसेल, सतत चवड्यांवरच चालत असेल, एक बाजू कमी वापरत असेल, आधी येणारी गोष्ट विसरत असेल, किंवा तीन वर्षांचं झाल्यावरही जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत टेकत उठत असेल, तर सायकलच्या दुकानाआधी बालरोगतज्ज्ञांकडे जा. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा मुलांची तपासणी आणि उपचार मोफत होतात. अंगणवाडीत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारलंत तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रापर्यंत पोचता येतं.

पडेल ना!

पडणारच. गुडघा खरचटेल, तळहात सोलवटेल. साबण-पाण्याने धुवा आणि पुन्हा खेळू द्या. जपायचं ते डोकं. पहिल्या दिवसापासून हेल्मेट घाला, म्हणजे ते सायकलचाच भाग आहे असं मुलाला वाटतं. हेल्मेट सायकलचं हवं, खेळण्यातलं नको. आत सीपीएससी किंवा ईएन १०७८ असा शिक्का बघा. इथेही वाढत्या अंगाचं नको. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं, कानाच्या खाली दोन्ही पट्ट्या जुळलेल्या, हनुवटीखाली जेमतेम एक-दोन बोटं जातील एवढा पट्टा. आणि सायकलवरून उतरून घसरगुंडीकडे किंवा झोपाळ्याकडे पळालं की हेल्मेट आधी काढा. ते अडकून पट्ट्याने गळा आवळला जाऊ शकतो. गळ्यातला ताईत, काळा दोरा, लोंबणारी नाडी यांचंही तसंच. पायात बंद बूट हवेत, चप्पल नको.

पडल्यानंतर मूल क्षणभर जरी बेशुद्ध झालं, वारंवार उलट्या झाल्या, फारच झोपाळलं, फीट आली, झोकांड्या जायला लागल्या, नाका-कानातून रक्त किंवा पाणी आलं, तर थेट रुग्णालय गाठा. हँडल पोटात लागून पोट दुखत राहिलं किंवा उलटी झाली तरीही. आणि मूल पाय टेकवायलाच तयार नसेल तर तेल लावून चोळू नका. या वयात नुसतं पाय मुरगळून पडलं तरी नडगीच्या हाडाला बारीक तडा जातो, सूज फारशी दिसतही नाही. एक्स-रे काढून घ्या.

खरं सांगायचं तर खरचटण्याची मला भीती वाटत नाही. मला भीती वाटते ती सोसायटीच्या पार्किंगची. बहुतेक मुलं तिथेच सायकल शिकतात. बॅलन्स बाईकवर बसलेलं मूल गाडीच्या मागच्या काचेतून दिसत नाही, ते तिच्या उंचीच्या खाली असतं. रिव्हर्स घेणारा ओळखीचाच असतो, कधी घरातलाही असतो. म्हणून गाड्या जिथे सुरू होतात तिथे मोठं माणूस हाताच्या अंतरावर नसेल तर सायकल नाही, हा नियम ठेवा. तळमजल्याच्या पार्किंगचा उतार, गच्ची आणि जिन्याजवळची जागा पूर्ण वर्ज्य. शाळेचं मैदान, बागेतला सपाट रस्ता, बंद फाटकाचं अंगण चांगलं.

मग पुढे काय करायचं?

फार काही नाही. मागून ढकलू नका, सीट धरून पळू नका. माझ्या नातीने सायकल आल्यावर पहिले तीन आठवडे ती आडवी पाडून नुसतं चाक फिरवलं. जावई अस्वस्थ झाले, कारण खालच्या मजल्यावरचा मुलगा पाय उचलून जायला लागला होता. लेकीने मला व्हिडिओ कॉल करून विचारलं, "आई, हिला शिकवू का?" मी म्हटलं, "सीट एक बोट खाली घे आणि तिला राहू दे." चौथ्या आठवड्यात ती सायकल दोन पायांत धरून उभी राहिली, मग चालली. दोन महिन्यांनी तिने पाय उचलले. त्या मुलाच्या मागेच राहिली ती. काही बिघडलं नाही.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसाला एकूण किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी. त्यातली वीस मिनिटं सायकलवर गेली तर उत्तम, पण मातीच्या ढिगावर चढणं, उड्या मारणं, बाबांच्या मागे पळणं, अंगणात लंगडी घालायचा प्रयत्न करणं, यातूनही तोच कान, तेच डोळे आणि तोच लहान मेंदू शिकतो. सायकल परवडली नाही म्हणून तुमच्या मुलाचं काही अडणार नाही.

घ्यायची ठरलीच, तर दुपारची झोप झाल्यावर मुलाला घेऊनच दुकानात जा. बूट घालून सीटवर बसवा. दोन्ही तळवे टेकतात का बघा, सायकल आडवी करून त्याला उचलायला सांगा. या दोन परीक्षांत जी पास होईल ती घ्या. रंग त्याला निवडू द्या. आणि मुलाच्या चालण्याबद्दल मनात काही शंका असेल, अगदी छोटी असली तरी, ती तुमच्या डॉक्टरांना आधी विचारा.